अर्पणाचा हिशेब मागणं म्हणजे अविश्वास नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

धार्मिक संस्थांच्या देणग्यांमध्ये घोटाळा झाल्याच्या बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून येतात, त्यात चर्चचं नाव असलं की आम्हा ख्रिस्ती वाचकांना फार वाईट वाटतं. पण अशा बातमीनंतर आमच्या आमच्यात जे बोलणं होतं त्याबद्दल मला लिहायचंय. कोणीतरी हमखास म्हणतं, "आपण देवाला दिलं ना, पुढचं देव आणि ते लोक बघून घेतील." आणि विषय तिथेच संपतो. मला हे अजिबात पटत नाही, आणि बायबल उघडून बघितलं तर तिथे वेगळंच दिसतं.

एज्राच्या पुस्तकाचा ८ वा अध्याय वाचा. एज्रा हा यहुदी याजक (म्हणजे पुरोहित) बाबेलहून यरुशलेमला निघाला तेव्हा मंदिरासाठी दिलेलं प्रचंड धन त्याच्याबरोबर होतं, ६५० किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी, १०० किक्कार सोनं, वर भांडी वेगळी. वाट लुटारूंची. पण आमचा देव आम्हाला सांभाळतो असं तो राजाला आधीच सांगून चुकला होता म्हणून सैन्य मागायची त्याला लाज वाटली, मग सगळ्यांनी उपास केला, प्रार्थना केली आणि सैन्याशिवाय निघाले. इतका विश्वास असलेला माणूस. आणि त्याच अध्यायात तोच एज्रा १२ याजक निवडतो, एकेक वस्तू तोलून त्यांच्या ताब्यात देतो आणि बजावतो की यरुशलेमात पोचल्यावर तिथल्या प्रमुखांसमोर परत तोलून देईपर्यंत हे नीट सांभाळा. पोचल्यावर चौथ्या दिवशी सगळं मोजलं, तोललं आणि वजन लिहून ठेवलं. एज्राचा त्या याजकांवर संशय होता का? तुम्ही परमेश्वराला पवित्र आहात असं तो स्वतःच त्यांना म्हणतो. माणसं पवित्र, वस्तू पवित्र, तरीही तराजू होताच. विश्वास आणि वजनकाटा यांच्यात काही भांडण आहे असं त्याला वाटलंच नाही.

येशूचा संदेश पसरवणारा प्रेषित पौल, त्याचंही तेच. यरुशलेममधल्या गरीब बांधवांसाठी त्याने मंडळ्यांमधून, म्हणजे ठिकठिकाणच्या चर्चमधून, वर्गणी गोळा केली. प्रेषितच तो, त्याला कोण विचारणार होतं. पण करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ १६) तो म्हणतो, तुम्ही पसंत कराल त्या माणसांना पत्रं देऊन मी तुमची देणगी पाठवीन, आणि २ करिंथ ८ मध्ये आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन विश्वासी भाऊ पाठवतो, त्यातला एक तर मंडळ्यांनी निवडलेला. कारणही सांगतो, की एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी आमच्यावर ठपका ठेवू नये, आणि प्रभूच्याच नाही तर माणसांच्या दृष्टीनेही जे चांगलं ते आम्ही करू पाहतो. माणसांच्या दृष्टीनेही, हे पौलाचं म्हणणं आहे. म्हणून "मी फक्त देवाला उत्तर देईन" असं पैशाच्या बाबतीत कोणी पाळक (पास्टर) म्हणायला लागला की मला काळजी वाटते, कारण पौलाने ती सवलत स्वतःला घेतली नाही.

आता याच्या उलट एक वचन दाखवलं जातं, बायबलच्या '२ राजे' या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायातलं, की मंदिराच्या कामाचा पैसा ज्यांच्या हाती दिला त्यांच्याकडून हिशेब घेत नसत कारण ते प्रामाणिकपणे वागत. वचन खरं आहे, पण आधीचं पण वाचा ना. योवाश राजाचं २३ वं वर्ष उजाडलं तरी याजकांनी मंदिराची डागडुजी केली नव्हती, पैसे येत होते आणि काम होत नव्हतं. तेव्हा राजाने त्यांना बोलावून जाब विचारला. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ, मंदिरात शिरताना उजव्या हाताला येईल अशी ठेवली, आणि पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं येऊन पैसे मोजायचे, थैल्यांत बांधायचे, मगच ते मुकादमांच्या हाती जायचे. मोजणारे दोन, दोन वेगळ्या ठिकाणचे, आणि एवढी व्यवस्था लागल्यानंतरचा तो विश्वास आहे. कामगारांच्या प्रामाणिकपणाचं ते वचन उचलून नेत्यांच्या वहीवर पांघरूण घालणं बरोबर नाही.

दुसरं वचन म्हणजे उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये हे. ते प्रभू येशूने देणाऱ्याला सांगितलंय, चारचौघांत वाहवा मिळवायला दान करू नको म्हणून. खजिनदाराने वही दाखवू नये असा त्याचा अर्थ होत नाही. देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवा, जरूर ठेवा, पण एकूण किती आले आणि कुठे गेले हे उघड असू द्या. १९ व्या शतकात इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला जॉर्ज म्युलर यांनी अनाथ मुलांसाठी केवढं मोठं काम उभं केलं, माणसांकडे पैसे मागायचे नाहीत फक्त प्रार्थना करायची हा त्यांचा नियम, आणि तेच म्युलर दरवर्षी आलेल्या-गेलेल्या पैशाचा अहवाल छापायचे.

आमच्या ओळखीतल्या एका वयस्क बाईंनी त्यांच्या मंडळीत साधा प्रश्न विचारला होता, की इमारतीच्या नावाने एवढे दिवस जमवतोय ते पैसे आता आहेत किती. त्यांना उत्तर मिळालं, "तुमच्या मनात कुरकुर आहे, त्यासाठी प्रार्थना करा." बाई गप्प बसल्या. पुढच्या रविवारपासून त्यांच्याशी दोन-चार जण नीट बोलेनात. मला याचा खूप त्रास होतो कारण प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये खरीखुरी कुरकुर झाली होती, ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी, आणि प्रेषितांनी त्या लोकांना गप्प केलं नाही तर सगळ्यांना बोलावून म्हणाले, तुमच्यातलीच सात चांगली माणसं निवडा, त्यांच्यावर हे काम सोपवू. तक्रारीतून व्यवस्था निघाली.

आता देणाऱ्यांबद्दल पण बोलायला हवं, कारण सगळा दोष घेणाऱ्यांचाच असतो असं नाही. कर्ज काढून, क्रेडिट कार्डावर, घरच्यांना न सांगता अर्पण देणारी माणसं मी बघितलीत, आणि कोणीतरी स्टेजवरून सांगितलेलं असतं की आज विश्वासाने पेरा, दहापट मिळेल. पौल म्हणतो, जे आपल्याजवळ आहे त्याप्रमाणे दिलेलं मान्य होतं, नसेल त्याप्रमाणे नाही, आणि दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला ओढाताण असं व्हावं म्हणून मी हे सांगत नाही. इतकं स्पष्ट आहे. १ तीमथ्य ५ मध्ये तर घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट म्हटलंय. आणि आईबापांना द्यायचं ते "कुर्बान" म्हणजे देवाला वाहिलंय असं म्हणून हात झटकणाऱ्यांवर प्रभू येशू किती कडक बोलले ते मार्क ७ मध्ये आहे. म्हाताऱ्या वडिलांचं औषध थांबवून दिलेलं अर्पण देवाला हवंय असं मला तरी वाटत नाही.

हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याने जमीन विकून आलेल्या पैशातले काही मागे ठेवले, सगळे दिले असं खोटं सांगितलं आणि दोघं मरून पडले, ही गोष्ट सांगून लोकांना घाबरवलं जातं तेही थांबलं पाहिजे. प्रेषित पेत्र हनन्याला सरळ म्हणाला, जमीन विकायच्या आधी तुझीच होती ना, विकल्यावरही पैसा तुझ्याच हातात होता. म्हणजे जबरदस्ती नव्हती, खोटं बोलणं हा गुन्हा होता. आणि खोटं बोलणं हा गुन्हा असेल तर तो अर्पण देणाऱ्याला लागू आणि त्याचा आकडा सांगणाऱ्याला पण लागू.

अगदी सुरुवातीच्या मंडळ्यांनाही हे कळत होतं. डिडाखे नावाची त्यांची जुनी नियमावली आहे, त्यात लिहिलंय की कोणी संदेष्टा पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने बोलतोय असं सांगून "मला पैसे द्या" म्हणाला तर त्याचं ऐकू नका, पण दुसऱ्या गरजू लोकांसाठी मागितले तर त्याला दोष देऊ नका. आजही तेवढीच पारख लागते, आणि आता तर फोनवर एक फोटो, रडवणारं म्युझिक आणि क्यूआर कोड आला की आपण भावनेच्या भरात पाठवून मोकळे, ते खातं संस्थेचं आहे का त्या माणसाचं पर्सनल आहे हेही बघत नाही. अमेरिकेत टीव्हीवरचे प्रचारक जिम बेकर १९८९ मध्ये फसवणुकीसाठी दोषी ठरले, हॉटेलात जेवढ्या लोकांची सोय होणं शक्य होतं त्याच्या कितीतरी जास्त लोकांना दरवर्षी काही दिवस राहण्याचे आजीवन हक्क देऊन पैसे घेतले होते. देणारे साधे विश्वासी लोक होते.

फार काही अवघड मागणं नाहीये. उपासना संपली की थैली टेबलावर उलटी करायची, नात्यातले नसलेले दोघं समोरासमोर बसतील, नोटा सरळ करून गड्ड्या, नाणी वेगळी, पाकिटावर लिहिलेली रक्कम आणि आतली रक्कम जुळवायची, कागदावर आकडा आणि खाली दोन सह्या. अर्ध्या तासाचं काम. पैसे मंडळीच्या खात्यात, कोणाच्या घरच्या कपाटात नाही. इमारतीसाठी आलेले इमारतीलाच, दुसरीकडे वळवायचे असतील तर लोकांना विचारून. चेकवर सही करणारे नवरा-बायको किंवा भाऊ-भाऊ नकोत. बाहेरच्या माणसाकडून ऑडिट. आणि पाळकाचा पगार ठरलेला आणि पुरेसा असावा, हे मी मुद्दाम लिहितोय, कारण सुवार्ता (येशूचा संदेश) सांगणाऱ्यांची उपजीविका सुवार्तेवर व्हावी असं प्रभूनेच ठरवलंय, आणि ज्याला पगार धड मिळत नाही अशा पाळकाच्या हातात सगळी रोकड ठेवणं हा त्याच्यावरही अन्याय आहे. प्रामाणिक पाळकाला वही उघडी असल्याचा सगळ्यात जास्त फायदा होतो, उद्या कोणी खोटा आळ घेतला तर दाखवायला कागद असतो.

एक विनंती माझ्या ख्रिस्ती बंधूभगिनींना. बऱ्याच मंडळ्यांमध्ये वार्षिक सभेत हिशेब वाचला जातो, खजिनदार बिचारा आठ-दहा पानं तयार करून आणतो, आणि तो वाचायला उभा राहिला की निम्मे लोक उठून बाहेर गप्पा मारायला जातात. या वेळी कृपया बसून ऐका, आणि एखादा आकडा समजला नाही तर तिथेच हात वर करून विचारा.

आपला,
एक वाचक