खुले पत्र: फ्रिक्वेन्सी थेरपीच्या यंत्रांना नियमांतून सूट कशासाठी?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

फ्रिक्वेन्सी थेरपीच्या, म्हणजे ठरावीक कंपनसंख्येची वीज किंवा चुंबकीय क्षेत्र देऊन रोग बरे करतो म्हणणाऱ्या यंत्रांची नोंदणी आणि तपासणी सक्तीची करू, असा शब्द आपण सभागृहात दिला होता. त्यावर विसंबून आम्ही, रुग्णालयांतली उपकरणं तपासणारे अभियंते आणि तंत्रज्ञ, मोजमापाची पद्धत आपल्या खात्याला लिहून दिली. आता मसुदा बाहेर आला आहे. त्यात ही यंत्रं ‘आरोग्यवर्धक साधनं’ म्हणून सूट मिळालेल्यांच्या यादीत, मसाजच्या खुर्चीशेजारी बसली आहेत. आमच्या टिपणातली एक ओळही त्यात नाही.

आपल्या सल्लागारांनी या यंत्रांपैकी एखादं तरी उघडून पाहिलं आहे का? शरीरातून वीज सोडून जंतू मारतो म्हणणारा ‘झॅपर’ घ्या. नऊ व्होल्टची बॅटरी, ठरावीक वेगाने वीज चालू-बंद करणारी ५५५ टायमरची आयसी (चिप), चार-पाच रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि हातात धरायला तांब्याच्या दोन नळ्या. प्रचलित आराखड्यात १ आणि ३.९ किलोओहमचे रेझिस्टर आणि ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर असतो. टायमरच्या सूत्रात घातलं की सुमारे ३५ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३५ हजार आवर्तनं, येतात. साध्या कपॅसिटरची किंमत छापील आकड्यापेक्षा दहा-वीस टक्के इकडेतिकडे असते, म्हणजे फ्रिक्वेन्सीही तितकीच सरकते. आणि ही यंत्रं विकणारे लोक दशांश चिन्हापर्यंतच्या फ्रिक्वेन्सीच्या याद्या विकतात: या रोगाला ७२८, त्याला ८८०, कॅन्सरला २१२७ हर्ट्झ!

८८० हर्ट्झच्या विद्युतचुंबकीय लहरीची लांबी सुमारे ३४० किलोमीटर भरते. जिवाणू एक-दोन मायक्रोमीटरचा. गाणाऱ्याच्या आवाजाने काचेचा पेला फुटतो तसा जंतू फुटतो, असं सांगतात. पेला हवेत असतो, त्याचं कंपन साचत जातं. पेशी पाण्यात असते, तिथे कंपन उठताक्षणीच विरतं. आणि समजा जंतू फुटलाच, तर शेजारची आपली पेशी का फुटत नाही, याचं उत्तर कुठल्याच माहितीपत्रकात नाही.

अपाय मात्र खरा आहे. झॅपरचा चौकोनी तरंग शून्याच्या खाली जात नाही, म्हणजे त्यात एकदिश प्रवाह मिसळलेला असतो. सरासरी मिलिअँपियरच्या आसपास. ऋण नळीखाली अल्कली तयार होते, धन नळीखाली आम्ल, तांबं विरघळून त्वचेवर हिरवट डाग पडतो. नळीवर गुंडाळलेलं ओलं फडकं वाळलं किंवा घडी सरकली की प्रवाह एका ठिपक्यात एकवटतो आणि तिथे भाजतं. बाहेर जाणाऱ्या तारेत एक कपॅसिटर घातला तर एकदिश प्रवाह थांबेल. पण ‘पॉझिटिव्ह ऑफसेट’ हाच उपचाराचा प्राण आहे असं विकणारेच सांगतात, म्हणून तो कोणी घालत नाही. पेसमेकर असलेल्या माणसाने नळ्या धरल्या तर प्रवाह एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जातो. पेसमेकर त्याला हृदयाचा ठोका समजून स्वतः गप्प बसू शकतो. ही सूचना लिहिणं तुमच्या मसुद्यात बंधनकारक नाही.

आम्ही मात्र काय भोगतो ते ऐका. हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या भागातून नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअँपियरपेक्षा (मिलिअँपियरच्या शंभराव्या भागापेक्षा) जास्त विजेची गळती दिसली की आम्ही यंत्र बाजूला काढतो, टॅग लावतो, नोंदवहीत सही करतो. एक मॉनिटर बंद म्हणून अतिदक्षता विभागातली एक खाट बंद, म्हणून नातेवाइकांचे शिव्याशाप आमच्या वाट्याला. सुटा भाग येईपर्यंत महिने जातात. कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र एक दिवस उशिरा आलं तर आम्हाला कारणे दाखवा नोटीस. हे नियम योग्यच आहेत, त्यांनी जीव वाचतात. मग छातीतून मिलिअँपियर सोडणाऱ्याला नोंदवही का नाही? त्याला कोण नोटीस देतं? कोणीच नाही!

विद्युतचुंबकीय उपचार सरसकट थोतांड आहेत, असं आम्ही म्हणत नाही. न जुळणाऱ्या हाडांसाठी स्पंदित चुंबकीय क्षेत्राच्या यंत्रांना अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध आणि उपकरण नियामकाने, १९७९ मध्ये मान्यता दिली. नैराश्यासाठी मेंदूवर चुंबकीय उद्दीपन करणाऱ्या यंत्राला २००८ मध्ये. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरसाठी २०० किलोहर्ट्झच्या क्षेत्राचं उपकरण २०११ पासून मान्य आहे. त्याचे आकडे बघा: क्षेत्र सेंटिमीटरला १ ते ३ व्होल्ट, डोक्यावर पट्ट्या दिवसाला किमान १८ तास, तेही महिनोन्‌महिने आणि औषधांच्या जोडीने. चाचणीत रुग्णांचा जगण्याचा मध्यक काळ १६ महिन्यांवरून २०.९ महिन्यांवर गेला. बरा केल्याचा दावा नाही. झॅपरचे नऊच्या नऊ व्होल्ट एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत वाटले तर सेंटिमीटरला सरासरी ०.०६ व्होल्टही येत नाहीत, आणि उपचार सात-सात मिनिटांचा, तीन वेळा. त्यावर सर्व कॅन्सर बरे होतात म्हणणाऱ्या, झॅपरचा प्रसार करणाऱ्या हल्डा क्लार्क २००९ मध्ये मल्टिपल मायलोमाने, म्हणजे रक्ताच्याच एका कॅन्सरने, वारल्या.

आत तारेच्या कॉइल असलेल्या चुंबकीय गाद्यांची तऱ्हा वेगळी. तिथे फसवणूक अंतरात असते. पाच सेंटिमीटर त्रिज्येच्या कॉइलचं क्षेत्र मध्यरेषेवर दहा सेंटिमीटर वर गेलं की मध्यबिंदूच्या नऊ टक्क्यांवर येतं. जाहिरातीतला गाउसचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचा, आकडा कॉइलला मीटर चिकटवून घेतलेला असतो आणि दुखणारा सांधा किंवा मणका असतो आत खोलवर. मोजायला फार काही लागत नाही. क्षेत्र टिपणारी शंभर वेढ्यांची लहानशी शोधकॉइल, तरंग पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, आणि पृष्ठभागापासून शून्य, पाच, दहा सेंटिमीटरवर तीन वाचनं. क्षेत्राची तीव्रता, तरंगाचा आकार, चढायला लागणारा वेळ, दर सेकंदाची स्पंदनं. हे चार आकडे यंत्राच्या पाटीवर नसतील तर ‘डोस’ या शब्दाला काही अर्थ नाही. एवढंच आम्ही लिहून दिलं होतं.

आणि ते ‘क्वांटम अ‍ॅनालायझर’! मिनिटभर दांडी हातात धरायची आणि यकृतापासून जीवनसत्त्वांपर्यंत तीस-चाळीस पानांचा अहवाल घ्यायचा. वय, उंची, वजन आधीच भरून घेतात. तपासायचं असेल तर त्याच माणसाचं वय वीस वर्षांनी वाढवून पुन्हा धरायला सांगा, नंतर दांडीला नुसतं ओलं फडकं गुंडाळा. फडक्याचं यकृत कसं आहे हेही छापून येईल.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत अल्बर्ट अब्राम्स नावाचा डॉक्टर रोग ओळखतो, बरा करतो म्हणणारे असेच डबे भाड्याने देत असे. अट एकच, डबा उघडायचा नाही. १९२४ मध्ये एका विज्ञान मासिकाच्या चौकशी समितीने ते बिनकामाचे ठरवले. तेव्हा नियामक यंत्रणा अपुरी होती. आज खातं आहे, प्रयोगशाळा आहेत, निरीक्षक आहेत. पण निरीक्षकाकडे ऑसिलोस्कोप नाही. तक्रार आरोग्याकडे केली की ‘हे ग्राहक खात्याचं’, तिथे गेलं की ‘हे इलेक्ट्रॉनिक्सचं’, आणि तिथून ती परत आरोग्याकडे. जाहिरातीत ‘बरा करतो’ऐवजी ‘संतुलन साधतो’ लिहिलं की सगळे हात झटकतात.

लोक तिकडे का जातात, याचाही विचार करा. रेडिओथेरपीची तारीख लांबची मिळते. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर दोन मिनिटं देतात, कारण दाराबाहेर शंभर जण उभे असतात. त्या केंद्रात कोणीतरी पाऊण तास बसून ऐकून घेतं. ही पोकळी तुमच्या खात्याने निर्माण केली. मोकळी पदं तुम्ही भरली नाहीत, यंत्रं तुम्ही घेतली नाहीत. त्या पोकळीत कोणी तांब्याच्या नळ्या घेऊन बसला तर त्याला सूट देऊन मोकळे झालात. स्तनातली गाठ सहा महिने ‘फ्रिक्वेन्सी’वर ठेवली तर त्या सहा महिन्यांत ती काखेतल्या गाठींपर्यंत पोचू शकते. ते महिने कोण परत देणार?

सूट देणारं कलम रद्द करा. जाहिरातीत, माहितीपत्रकात किंवा केंद्रचालकाच्या तोंडी रोगाचं नाव आलं की ते यंत्र वैद्यकीय उपकरण, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो. वर सांगितलेले चार आकडे स्वतंत्र प्रयोगशाळेत मोजल्याशिवाय विक्री नाही. पेसमेकर, इन्सुलिन पंप, अपस्मार आणि गर्भारपण यांबद्दलची सूचना यंत्रावरच, वाचता येईल अशा अक्षरात. चालू उपचार बंद करायला सांगणाऱ्यावर गुन्हा. आणि हे कलम मसुद्यात कोणाच्या सांगण्यावरून आलं, ती टिपणी सही आणि तारखेसकट जाहीर करा. उत्तर लेखी हवं आहे.

रुग्णालयांतील उपकरणं तपासणारे अभियंते व तंत्रज्ञ