घर विकून घर घेताना पावसाळा बघून घ्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सध्या मोबाईलवर रील फिरताहेत, अमेरिकेत म्हणे प्रॉपर्टी विकून दुसरी घेतली की टॅक्स पुढं ढकलता येतो, तुम्हीपण तसंच करा. आपल्या राजारामपुरीत, नागाळा पार्कात भाड्याचे फ्लॅट न् गाळे ठेवून असलेल्या लोकांत याची लई चर्चा आहे म्हणून लिहितोय. तिकडचा नियम खरा आहे, १०३१ एक्स्चेंज म्हणतात त्याला. जुनी जागा विकल्यापासून ४५ दिवसांत नवी कुठली घेणार ते लेखी द्यायचं, १८० दिवसांत व्यवहार उरकायचा, मधले पैसे आपल्या हातात न घेता मध्यस्थाकडं ठेवायचे, आणि जागा गुंतवणुकीची नाहीतर धंद्याची पाहिजे, राहतं घर त्यात बसत नाही. टॅक्स माफ होत नाही, फक्त लांबतो.

आपल्याकडं हा नियमच नाही. दोघांनी आपापसात फ्लॅटची अदलाबदल केली तरी इन्कम टॅक्सवाले ती विक्रीच धरतात, वर स्टॅम्प ड्युटी वेगळी. आपली सवलत म्हणजे १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यातलं कलम ५४ (नव्या कायद्यात कलमांचे नंबर बदललेत, सीएला विचारून घ्या). दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवलेलं घर विकलं, मग ते भाड्यानं दिलेलं असलं तरी, तर नफा दुसऱ्या घरात घालायचा, विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत, बांधणार असाल तर तीन वर्षांत. गाळा विकला तर ५४ नाही, ५४एफ, आणि त्यात पूर्ण सूट पाहिजे तर नुसता नफा नाही, विक्रीची सगळीच रक्कम घरात जायला लागते.

माझं खरं म्हणणं पुढंच आहे. मुदतीच्या धसक्यानं लोक घर बघतच नाहीत हो! आमच्या ओळखीच्या एकांनी असाच फ्लॅट घेतला, जानेवारीत बघितला, नवा डिस्टेंपर मारलेला, एकदम चकाचक. जूनमध्ये पावसानं झड धरली आणि बेडरूमच्या छताला आधी बशीएवढा पिवळा डाग, मग पोपडे, मग प्लास्टर पडून आतली गंजलेली सळई उघडी. आता विकायचं म्हटलं तर नवं घर तीन वर्षांच्या आत विकलं की घेतलेली सवलत अंगावर येते, म्हणजे सुटकाच नाही, बादली लावून बसा.

एवढी घाई करायची गरजच नसते. रिटर्नची मुदत संपायच्या आत उरलेला नफा बँकेत कॅपिटल गेन अकाउंटमध्ये (याच कामासाठीचं खास खातं) टाकला की ती दोन वर्षं निवांत मिळतात, आणि दोन वर्षांत आपल्या कोल्हापुरात दोन पावसाळे येतात! घर जुलैमध्ये बघा, टेरेसवर चढा, पाणी कुठं तुंबतंय, बाथरूमच्या मागच्या भिंतीला ओल आहे का, ड्रेनेजचा पाईप कुठं फुटलाय ते बघा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी त्या गल्लीत कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा, एजंट सांगणार नाही. सोसायटी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीच्या तपासणीचा रिपोर्ट मागा, १५ वर्षांवरच्या बिल्डिंगला दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्याला दर तीन वर्षांनी ते करायचं असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत (नमुना नियमांत) आहे. सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीसाठी सोसायटीनं साठवलेल्या पैशात) किती शिल्लक आहे तेपण बघा, नाहीतर वॉटरप्रूफिंगचा खर्च शेवटी तुमच्याच डोक्यावर.

आणि ज्यांनी घर भाड्यानं दिलंय त्यांनाही सांगायचंय. भाड्यातनं म्युनिसिपल टॅक्स वजा केल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीला रुपया घाला नाहीतर लाख घाला, तेवढीच. म्हणून बरेच मालक काहीच करत नाहीत आणि भाडेकरू बिचारा ओलीत राहतो, लहान पोरं खोकत असतात, हे बघवत नाही. सरकारनं सगळी नाही तरी त्यातली थोडी वजावट दुरुस्तीच्या बिलाला जोडावी असं मला मनापासून वाटतं. मालकांनीपण एक लक्षात ठेवावं, नवी खोली काढली, स्लॅब नवा टाकला, असा भांडवली खर्च घर विकताना नफ्यातनं वजा होतो, पण बिल पाहिजे आणि पैसे बँकेतनं दिलेले असले तर बरं. रंगरंगोटी, नळ बदलला, ही किरकोळ दुरुस्ती त्यात धरत नाहीत. सेंट्रिंगवाल्याला रोख दिले आणि चिठ्ठीपण ठेवली नाही असं गावात सर्रास चालतं, मग दहा वर्षांनी सीएसमोर दाखवणार काय?

तुमच्या प्रॉपर्टीच्या पानावर नव्या स्कीमच्या जाहिराती भरपूर असतात, त्याच्या शेजारी कलम ५४ च्या मुदती आणि घर बघताना काय तपासायचं एवढी एक चौकट मे महिन्यात, पावसाच्या आधी छापा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर