फोटो कुणाचा, कीड कुठली?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या शेतीच्या पानावर मिरचीवरील कोळी किडीची माहिती दिलीत, त्याबद्दल आभार. पण सोबत फोटो छापलात तो आढ्याला जाळं विणणाऱ्या कोळ्याचा! पाय आठ, एवढंच काय ते साम्य. मिरचीवरची पांढरी कोळी जेमतेम ०.२ मिलिमीटरची, भिंगाशिवाय दिसत नाही. तुमचा फोटो बघून आमच्या शेजारचे अण्णा सकाळपासून सरीसरीतली जाळी काढत फिरत होते. ते बिचारे जाळ्यातले कोळी तर किडे खाऊन आपलं भलंच करतात.

बरं, लेखात ‘पाने वळतात’ एवढं लिहून मोकळे झालात. वळतात कुठं? कडा वर वळून वाटी झाली तर फुलकिडे (थ्रिप्स), खाली वळून उलटी होडी झाली तर कोळी. आमच्याकडं दोन्हीला सरसकट बोकड्या म्हणतात आणि तिथंच घात होतो. दोन वर्षांमागं माझ्या २० गुंठ्यांतले शेंडे आखडले. पान घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं ते हातातही न धरता ‘थ्रिप्स हाय’ म्हणत सायपरमेथ्रीन हे कीटकनाशक पुढं सरकवलं. तीन फवारण्या केल्या. कोळीला काही झालं नाही, तिला खाणारे मित्रकोळी तेवढे मेले असणार, कारण त्यानंतर झाडं जास्तच झडली. शेवटी कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या भाच्यानं शेंड्याच्या पानामागं दहापट भिंग धरून दाखवलं, “मामा, हे बघा.” मग गंधक मारलं, पण तोवर फुलं गळून गेलेली. त्या उन्हाळ्यात घरच्या चटणीला मिरची गडहिंग्लजहून विकत आणली. मिरची पिकवणाऱ्यानं!

आणि लेखाच्या खालीच पाव पान जाहिरात: ‘सर्व किडींवर एकच औषध’. कोळी हा कीटक नव्हे, तिला कोळीनाशक वेगळं लागतं, हे तुमच्याच लेखात वर लिहिलंय. वर लिहायचं आणि खाली पुसायचं, हा कुठला न्याय?

जाता जाता, शेतीचं पान हल्ली वधू-वरांच्या मागं ढकललंत, ते सापडेपर्यंत चहा गार होतो. २००२ साली उसाला लोकरी मावा लागला तेव्हा पहिल्या पानावर जागा होती. मिरची उसाइतकी गोड नाही, हे मान्य.

फोटोची दुरुस्ती तेवढी छापावी. अण्णांना कात्रण दाखवायचंय.

आपला,
एक मिरची उत्पादक
ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर