घाटापूर्वी मागच्या चाकाचे स्पोक तपासून घ्या

महोदय,

पावसाळा ओसरला की रविवारी पहाटे खंबाटकी, पसरणी, ताम्हिणी या घाटांत हौशी सायकलस्वारांच्या रांगा दिसू लागतात. कुणी बीआरएमची (ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची) तयारी करतो, कुणी महाबळेश्वर गाठून परततो. दिवे, पाणी, खजूर, चिक्की यांची आठवण सगळ्यांना असते. चाकाच्या वाट्याला मात्र फक्त हवा येते. घाटात सायकल अडते ती पुष्कळदा मागच्या चाकामुळे, आणि बरेचसे बिघाड घरी दहा मिनिटांत आधीच ओळखता येतात, म्हणून हे पत्र.

घाटात स्पोक तुटला की दोष चढाला किंवा खड्ड्याला दिला जातो. खरे तर त्या स्पोकला भेग फार आधी गेलेली असते. ७००×२८ टायरचा परीघ सुमारे २.१४ मीटर. दर फेऱ्याला जमिनीलगत आलेल्या स्पोकचा ताण घटतो आणि वर जाताना पुन्हा भरतो. २०० किलोमीटरांत प्रत्येक स्पोकला हे ९० हजारांहून जास्त वेळा सोसावे लागते. ताण पुरेसा असेल तर तो घटूनही स्पोक ताठच राहतो. सैल स्पोक मात्र खाली आल्यावर पूर्ण ढिला पडतो, हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) भोकात त्याचे वाकण हलत राहते आणि तिथेच धातू थकतो. म्हणून बहुतेक स्पोक हबजवळच्या वाकणात तुटतात. ‘जास्त आवळले तर तुटतील, थोडे सैल असू द्या’ हा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो चुकीचा आहे.

मागचे चाक जास्त नाजूक का, तेही समजून घ्यावे. निम्म्याहून अधिक वजन त्यावर असते, आणि उजवीकडे कॅसेटला (गिअरच्या दातेरी चक्रांच्या संचाला) जागा द्यावी लागते. त्यामुळे उजवे स्पोक जवळजवळ उभे लागतात, डावे तिरके. रिम (टायर बसते ते धातूचे कडे) मधोमध राहायची तर उजवीकडे १०० ते १२० किलोचा ताण असताना डावीकडे साधारण निम्माच राहतो. उजवीकडेच ताण कमी ठेवला असेल, तर डावे स्पोक नावालाच लावल्यासारखे होतात आणि त्यांचे निपल (स्पोक रिमला आवळणारे छोटे नट) आपोआप सुटू लागतात. खोक्यातून आलेल्या नव्या सायकलींची चाके सहसा यंत्रावर विणलेली असतात. आवळताना स्पोकला बसलेला पीळ पहिल्या काही फेरफटक्यांत सुटतो आणि ताण उतरतो. म्हणून पहिल्या २००-३०० किलोमीटरनंतर स्पोक पुन्हा आवळून घेणे आवश्यक आहे. दुकानदार पहिल्या मोफत सर्व्हिसिंगमध्ये ब्रेक आणि गिअर लावून देतात, चाकाला हात लावत नाहीत. ही पद्धत बदलायला हवी.

घरी तपासणी अशी करावी. सायकल उलटी ठेवा. शेजारशेजारचे स्पोक जोडीने चिमटीत दाबत चाकभर फिरा. एखादी जोडी सहज दबली की तिथे सैलपणा आहे. मग नखाने एकेक स्पोक छेडा. एकाच बाजूच्या सगळ्या स्पोकचा स्वर जवळपास सारखा यायला हवा. डाव्या बाजूचा स्वर खालचा असतो, त्याने घाबरू नये. रिमवर दाबणारा ब्रेक (रिम ब्रेक) असेल तर त्याचे रबर आणि रिम यांच्यामधल्या फटीवर नजर ठेवून चाक फिरवा. डिस्क ब्रेक असेल तर चिमट्याला (चाक धरणाऱ्या फ्रेमच्या दांड्यांना) एक केबल टाय बांधून तिचे टोक रिमजवळ आणा. एक मिलिमीटरपेक्षा जास्त हेलकावा दिसला तर आऊट (रिमचा वाकडेपणा) काढायला हवा. रिम उजवीकडे जात असेल तर तिथले डावे निपल पाव फेरा आवळा, उजवे तेवढेच सैल करा आणि दर वेळी चाक फिरवून पाहा. एकदम पूर्ण फेरा देऊ नये.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली दिशेची. टायरच्या बाजूने पाहिले तर निपल घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवल्यावर आवळते, हबकडून पाहिले तर उलट. दुसरी चावीची. निपलच्या चाव्या ३.२३, ३.३० आणि ३.४५ मिलिमीटर अशा मापांच्या मिळतात. जरा मोठी चावी लावली की निपलचे कोपरे झिजतात आणि मग ते कशालाच दाद देत नाही. पावसाळ्यानंतर आधी प्रत्येक निपलच्या मुळाशी तेलाचा एक थेंब सोडून थोडा वेळ थांबावे. अ‍ॅल्युमिनियमची निपले गंजून चिकटतात आणि चिरतात. आपल्या हवेत पितळेचीच बरी.

रस्त्यात स्पोक तुटला तर रिम त्याच्या विरुद्ध बाजूला ओढली जाते. तुटलेला तुकडा काढून टाका किंवा शेजारच्या स्पोकला गुंडाळा. मग त्याच्या दोन्ही शेजारचे, पण हबच्या दुसऱ्या बाजूला लागलेले स्पोक अर्धा-अर्धा फेरा सैल करा. रिम ब्रेकला घासत असेल तर ब्रेकची सोडपट्टी (रबरे रिमपासून दूर करणारी छोटी कळ) उघडा, पण त्यानंतर तो ब्रेक कमी लागेल हे ध्यानात ठेवून सावकाश उतरा. ३२ किंवा ३६ स्पोकच्या चाकावर असे जपून पुढच्या गावापर्यंत जाता येते. २० किंवा २४ स्पोकच्या दिखाऊ चाकात रिम थेट चिमट्याला टेकते. लांब घाटवाटांसाठी वजनदार स्वारांनी ३२ स्पोकच घ्यावेत, काही ग्रॅम वाचवण्याच्या नादी लागू नये. उजवा स्पोक बदलायचा तर कॅसेट उतरवावी लागते आणि ते हत्यार सहसा जवळ नसते.

उताराचा धोका वेगळा. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना १,२०० मीटरहून अधिक उंची कमी होते. स्वार, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो धरले, तर नुसत्या १,२०० मीटरची ऊर्जा सुमारे १० लाख ज्यूल होते. तीन लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला एवढीच लागते. सावकाश, सतत ब्रेक दाबून उतरले तर तिचा मोठा भाग ब्रेकमध्ये जातो. रिम ब्रेक असेल तर रिम तापते, ट्यूबमधला दाब वाढतो, जुन्या पंक्चरचा पॅच सुटतो. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, थोडा वेळ दाबून सोडावेत. मधल्या वाऱ्याने रिम निवते. हात लावल्यावर चटका बसत असेल तर थांबावे. रिमच्या कडेवरून बोट फिरवा. ती आत खोलगट लागली किंवा झिजेची खूण पुसली गेली असेल तर रिम बदला, अशी रिम उतारावर फाटू शकते.

पंक्चर काढताना ट्यूबवरचे भोक कुठे आहे ते पाहावे. आतल्या अंगाला असेल तर रिमटेप (रिममधली स्पोकची भोके झाकणारी पट्टी) सरकली आहे. समांतर दोन भोके म्हणजे हवा कमी होती. बाहेरच्या अंगाला एकच असेल तर काटा, किंवा महामार्गावर ट्रकच्या फाटक्या टायरमधून पडलेली बारीक तार. ती टायरमध्ये तशीच राहिली तर नवी ट्यूबही जाते.

दुकानदारांना विनंती आहे की, सायकल विकताना पुढच्या-मागच्या, डाव्या-उजव्या स्पोकची लांबी बिलावर लिहून द्यावी. मागच्या चाकात दोन्ही बाजूंत एक-दोन मिलिमीटरचा फरक असतो आणि चुकीच्या लांबीचा स्पोक बसत नाही. प्रत्येक लांबीचे दोन-दोन जादा स्पोक फ्रेमला चिकटपट्टीने बांधता येतात. राइडचे आयोजक सुरुवातीला दिवे, हेल्मेट आणि परावर्तक जाकीट तपासतात. त्याच रांगेत मागचे चाक उचलून एकदा फिरवून पाहावे. त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.

– एक सायकल कारागीर, सातारा