‘ब्रेक खराब’ एवढंच लिहू नका म्हणणाऱ्या फिटरकाकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोपसमारंभात शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले, भाषणंही झाली. भाषणांमध्ये ‘मनमिळाऊ स्वभाव’ चार-पाच वेळा आला, कामाचा उल्लेख मात्र कुणी केला नाही. रात्री दोन वाजता पिटमधून, म्हणजे गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यातून, तुमचा आवाज ऐकलेला माणूस तुम्हाला मनमिळाऊ म्हणणार नाही, ते असो. कामाबद्दल बोलायचं राहून गेलं, म्हणून बेस्टच्या बसवरचे, सकाळच्या पाळीचे आम्ही ड्रायव्हर हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

१५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईतली पहिली बस धावली. तेव्हापासून पहाटेची पहिली गाडी काढणाऱ्या ड्रायव्हरचं नाव ड्युटीच्या कागदावर येतं. त्या गाडीखाली रात्री कोण झोपून होतं, ते प्रवाशांना ठाऊक नसतं. आम्हाला ठाऊक आहे.

तुमचे सगळ्यात मोठे उपकार म्हणजे तुम्ही आम्हाला तक्रार लिहायला शिकवलं. शेवटची फेरी संपवून आलेला ड्रायव्हर दमलेला असतो. घरी जायची घाई असते. तो कागदावर ‘ब्रेक खराब’, ‘आवाज येतो’, ‘पिकअप नाही’ असं खरडतो आणि निघतो. असा कागद तुम्ही परत पाठवायचात आणि प्रश्न ठरलेले असायचे: कधी होतं? कुठल्या बाजूला होतं? गाडी थंड असताना की तापल्यावर? ब्रेक दाबल्यावर की नुसतं चालताना? सुरुवातीला राग यायचा. पण ह्या उत्तरांवाचून फिटरला रात्रभर अंधारात चाचपडत बसावं लागतं आणि सकाळी गाडी त्याच दोषासकट बाहेर पडते, हे हळूहळू ध्यानात आलं.

गाडी ओढण्याचंच घ्या. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे जाते, असं लिहिलं की नवा माणूस डावं चाक उघडायला धावतो. तुम्ही उजव्या चाकाकडे जायचात. डावं चाक आपलं काम नीट करतंय म्हणून तर गाडी तिकडे वळते. धरत नसतं ते उजवं. मग त्याची कारणं एकेक करून बघायची: लायनर म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारी पट्टी, तिचं ड्रमपासूनचं अंतर जुळवणारा स्लॅक ॲडजस्टर ढिला पडलाय का, चाकाच्या मधल्या हबचं ऑइल सील गळून लायनरवर ग्रीस आलंय का, लायनर ड्रमवर ढकलणारा कॅमशाफ्ट बुशमध्ये अडकलाय का, हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या चेंबरचा डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, फाटलाय का. ब्रेकला पायही न लावता गाडी एकीकडे जात असेल तर प्रकरणच वेगळं. तेव्हा आधी पुढच्या टायरची हवा बघायची, मग कुठलं चाक घासत तापतंय का ते, आणि मग पाट्यांचा, म्हणजे गाडी तोलणाऱ्या पट्टीच्या स्प्रिंगांचा, सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकलाय का ते. कागदावर ‘ब्रेक दाबल्यावर’ हे दोन शब्द लिहिले की यातलं अर्धं काम वाचतं.

स्लॅक आवळण्याची तुमची पद्धत तर नव्या पोरांना आम्ही अजून तशीच सांगतो. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावायचे. त्याआधी हॅण्डब्रेकला हात लावायचा नाही. हवा पूर्ण भरून हॅण्डब्रेक सोडायचा, नाहीतर स्प्रिंगने मागचे ब्रेक धरलेलेच असतात आणि माप चुकतं. चाक जॅकवर उचलायचं. लायनर ड्रमला टेकून चाक अडेपर्यंत नट फिरवायचा, मग चाक हाताने मोकळं फिरेल इतपतच मागे आणायचा. शेवटी एकाने पायब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने चेंबरचा दांडा, म्हणजे पुशरॉड, किती बाहेर येतो ते बघायचं. दुसरं चाकही लगेच तसंच करायचं, कारण एका ॲक्सलचं एकच चाक आवळून गाडी सोडली तर काल डावीकडे ओढणारी गाडी उद्या उजवीकडे ओढते. ‘ब्रेक कडक करून द्या’ म्हणणाऱ्या ड्रायव्हरला तुम्ही कधी भीक घातली नाही, तेही बरोबरच होतं. जास्त आवळलेला लायनर सारखा घासतो, ड्रम तापतो, आणि तापलेल्या ड्रमवर पकड उलट कमी होते. पेडर रोडच्या उतारावर खालच्या गिअरमध्ये या, एक्झॉस्ट ब्रेक वापरा, पायब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, असं तुम्ही म्हणायचात ते याच कारणासाठी.

हवेच्या गळतीवर तर तुम्ही आमची शिकवणीच घेतलीत. हवेच्या प्रेशरच्या दोन सुया म्हणजे पुढच्या आणि मागच्या ब्रेकची दोन वेगळी सर्किटं. सात-आठ किलोपर्यंत हवा भरली की टाकीत हवा भरणारा कंप्रेसर फुस्स करून मोकळा होतो. तिथे इंजिन बंद करायचं आणि ऐकायचं. रात्री डेपो शांत झाला की हे काम सोपं होतं, भर दुपारी कान कितीही तीक्ष्ण असले तरी काही कळत नाही. फुसफुस सतत येत असेल तर दोष टाकीच्या बाजूला, म्हणजे पाईप, युनियन किंवा टाकीच्या तळाचा नळ. पायब्रेक दाबल्यावरच येत असेल तर चेंबरचा डायफ्राम नाहीतर चाकापर्यंत जाणारी रबरी नळी. हॅण्डब्रेक सोडल्यावर सुरू होत असेल तर स्प्रिंग ब्रेकची बाजू. ब्रेक सोडल्यानंतरही फूट व्हॉल्व्हच्या खालून हवा येत राहिली तर व्हॉल्व्ह बसत नाहीये. जागा नेमकी सापडावी म्हणून साबणाचं पाणी. बुडबुडा आला की खडूने खूण. एवढं ऐकून ठेवलेला ड्रायव्हर ‘हवा उतरते’ असं लिहित नाही. ‘हॅण्डब्रेक सोडल्यावर मागे डाव्या बाजूला आवाज, बंद गाडीत मागची सुई उतरते, पुढची उभी’ असं लिहितो. अशा कागदावर तुम्ही काही न बोलता मान हलवायचात. त्यापेक्षा मोठी शाबासकी तुमच्याकडून कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

टाकीचं पाणी काढायला तुम्ही आम्हालाच लावलंत, तेव्हा ‘हे आमचं काम नाही’ अशी कुरकुर झाली होती. मुंबईची दमट हवा दाबली गेली की तिच्यातलं पाणी टाकीत साचतं. पावसाळ्यात तर जास्तच. साचलं की टाकीत हवेला जागा कमी उरते, आतून गंज धरतो आणि तो गंज पुढे व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. तळाचा नळ ओढून काय बाहेर पडतं ते बोटावर घेऊन बघायला तुम्ही शिकवलंत. नुसतं पाणी असेल तर ठीक, दुधाळ पाणी आलं तर त्यात तेल आहे, म्हणजे कंप्रेसरच्या रिंगा झिजायला लागल्या. हवा कमी झाल्याचा बझर वाजायच्या कितीतरी आधी हे कळतं. आणि बझर वाजत असताना ‘पुढच्या स्टॉपपर्यंत जाऊ’ म्हणून गाडी हाकणाऱ्याला तुम्ही जे सुनवायचात, ते इथे लिहिण्यासारखं नाही. हवा आणखी उतरली की स्प्रिंग ब्रेक आपोआप धरतात आणि गाडी आहे तिथे, मग तो सिग्नल असो की पुलाची चढण, रुतून बसते. मग तुम्हालाच पाना घेऊन यावं लागायचं, चेंबरमागचा बोल्ट फिरवून स्प्रिंग दाबून धरायला, आणि तेही आधी ठोकळे लावून, कारण स्प्रिंग सुटली की गाडीला अडवणारं काहीच उरत नाही.

पावसाचं वेगळंच. हिंदमाता, किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट, मिलन सबवे ही पाणी तुंबणाऱ्या जागांची नावं प्रत्येक जून-जुलैत येतात. पाण्यात शिरल्यावर गिअर बदलू नका, पहिल्यात एकसारखी चालवा, पुढच्या गाडीने उठवलेली लाट जाऊ द्या, हे बहुतेकांना माहीत असतं. इंजिन पाण्यातच बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही, हे तुमच्यामुळे डोक्यात पक्कं बसलं. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि एका सेल्फपायी अख्खं इंजिन उतरवावं लागतं. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलका दाबून धरत थोडं अंतर सावकाश जायचं, म्हणजे लायनर गरम होऊन सुकतात, आणि मगच वेग घ्यायचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसं पाणी असेल तर प्रवाशांना उंचावर उतरवून गाडी सोडून द्यायची, त्यात शहाणपणा दाखवायला जागा नाही.

पाण्यातून आलेल्या गाडीचं खरं काम तर पाणी ओसरल्यावर सुरू व्हायचं. गाडी बरी चालतेय म्हणून ड्रायव्हर काही लिहायचाच नाही. तुम्ही मात्र ‘पाणी कुठपर्यंत आलं होतं, हबपर्यंत की वर?’ असं विचारून पाठी लागायचात. चालून तापलेलं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या ॲक्सलवरची दातेरी चाकांची पेटी, थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ होतं, आणि तशीच चालवली तर काही दिवसांनी दातेरी चाकं ओरडायला लागतात. हबचं ग्रीस धुतलं गेलं की बेअरिंगची तीच गत. तेल बदलणं थोडक्यातलं काम, बेअरिंग बसल्यावर चाक निखळणं थोडक्यातलं नाही. म्हणून आता ‘हबच्या वर पाणी’ हे चार अक्षरं जास्तीचं लिहिणं आमच्याकडे कुणी विसरत नाही.

टायरचं थोडक्यात. मागच्या जोडचाकांपैकी आतलं बसलं तर बाहेरून दिसत नाही, कारण बाहेरचं गाडी तोलून धरतं आणि मग तापून तेही फुटतं. म्हणून टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, ठोकून बघायचं. भरलेला टायर टॉमी उडवून लावतो, बसलेला ओल्या पोत्यासारखा गप्प राहतो. जोडचाकांमध्ये अडकलेला दगड काढायचा. नटाखालून गंजाची लाल रेघ ओघळलेली दिसली तर नट ढिला आहे. चाक बदललेली गाडी पहिल्या फेरीनंतर थांबवून नट पुन्हा आवळायचे, कारण रिम बसली की पहिली आवळण सैल होते. आणि क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका, ते तुम्ही इतक्यांदा सांगितलंय की पुन्हा लिहित नाही.

गाडी डावीकडे कलते ही तक्रारही तुम्ही हसण्यावारी नेली नाहीत. दार डावीकडे, दाराशी उभी गर्दी डावीकडे, रस्त्याचा उतारही डावीकडेच. डावे पाटे आधी थकणारच. थोडा कल चालतो, पण एका रात्रीत वाढलेला कल म्हणजे मुख्य पाटा तुटलेला, हा फरक तुम्ही दाखवून दिलात.

आमच्यातल्या काहींचे वडीलही बेस्टमध्येच होते, डबलडेकरवर. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जुन्या गाड्या ओढून त्यांचे दंड कसे झाले होते ते घरच्यांनी पाहिलंय. वरच्या मजल्यावर उभं राहू द्यायचं नाही हा नियम ते घरातसुद्धा तावातावाने समजावत: वजन वर गेलं की वळणावर गाडी झोकांडी घेते. सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या डिझेल डबलडेकर बंद झाल्या तेव्हा शेवटची गाडी बघायला ही म्हातारी मंडळी हट्टाने गेली. त्यांनाही तुमच्यासारखाच कुणीतरी फिटर भेटलेला असणार, कारण उभ्या गाडीशेजारून जाताना टायरला लाथ मारून बघायची खोड त्यांची अजून गेलेली नाही. घरच्या बायकामुलांच्या वतीनेही इथेच आभार मानतो. पहाटे तीनला डबा भरून देणाऱ्या माणसाला आपला माणूस घेऊन जाणारी गाडी धड आहे, एवढं कळलं तरी पुरतं.

आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या. पाय उचलला की मोटरच गाडी रोखते, त्यामुळे लायनर पुष्कळ टिकतात. पण हवेचे ब्रेक तिथेही आहेतच, आणि इंजिनचा आवाज नसल्यामुळे गळती आता दिवसाही ऐकू येते. तुम्हाला ह्या गाड्या आवडतील. स्लॅकही आपोआप जुळणारे आहेत. तो मापाबाहेर गेला तर नट फिरवून जुळवायचा नाही, दुसरं काहीतरी बिघडलंय ते शोधायचं, एवढा धडा नव्या फिटरपोरांना द्यायला तुम्ही हवे होतात.

एक डिझेलची गाडी मात्र अजून त्रास देते आहे. तक्रार तुमच्या पद्धतीने लिहितो. सकाळी हवा वेळेत भरते. इंजिन चांगलं तापल्यावर, साधारण तिसऱ्या फेरीपासून, दोन्ही सुया सहाच्या वर जात नाहीत. इंजिन बंद केलं तर सुया जागच्या हलत नाहीत, ब्रेक दाबून धरला तर सुरुवातीला थोड्या उतरून तिथेच थांबतात, म्हणजे गळती नाही. टाकीतून पाणी स्वच्छ येतं, तेल नाही. कंप्रेसरचा फिल्टर बदलून झाला. आम्हाला कंप्रेसरपासून टाकीकडे जाणाऱ्या पाईपमध्ये काजळी धरल्याचा संशय आहे, पण तसं असतं तर थंड असतानाही हवा भरायला वेळ लागला असता, असं एक जण म्हणतो. तुमचा अंदाज कळवा, रात्रपाळीला निरोप देतो.

तुमचे,
सकाळच्या पाळीचे ड्रायव्हर आणि त्यांच्या घरची मंडळी