वरणाचे पाणी नको, वरण द्या

महोदय,

सप्टेंबरात पोषण माह आला की अंगणवाड्यांत नाचणीचे लाडू, शेवग्याच्या पाल्याच्या वड्या मांडल्या जातात. सातव्या महिन्यातल्या बाळाच्या वाटीत मात्र असते वरणाचे पाणी. डाळ शिजवायची, वरचे निवळ काढून 'ताकदीचे' म्हणून बाळाला पाजायचे आणि खालची डाळ मोठ्यांच्या ताटात. डाळीतले जे बाळाला हवे, ते बहुतेक सगळे खाली राहते. भाताच्या पातळ पेजेचेही तेच.

सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही, हे आता बहुतेक घरांत पाठ आहे. घोळ होतो तो पुढे. मुलाची उष्टावण सम महिन्यात, मुलीची विषम, असे धरून मुलीला कुठे पाचव्यातच खीर चाटवतात, तर कुठे मुहूर्तासाठी आठवा उजाडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. ही खुंटलेली वाढ बरीचशी सहा महिने ते दोन वर्षे याच काळातली असते.

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज रोज सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५०. पोट एवढेसे. ते पाण्याने भरले की बाळ अंगावरचे दूधही कमी ओढते. म्हणून खूण एकच सांगावी: चमचा तिरका केला तरी घास ओघळता कामा नये.

३० ग्रॅम तांदूळ, १५ ग्रॅम मूगडाळ अगदी मऊ शिजवावी, पळीच्या पाठीने घोटावी, वर लहान चमचाभर तेल किंवा तूप. झाल्या जवळपास २०० कॅलरी. दोन-तीन वेळांचे खाणे. कोमट झाल्यावर लिंबाचे दोन थेंब पिळावेत, डाळीतले लोह अंगी लागते. मीठ-साखर वर्षभर नकोच. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करून हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत जावे. पहिले काही दिवस बाळ जिभेने घास बाहेर ढकलते. ती सवय असते, नावड नव्हे. तेवढ्यावरून पुन्हा पाण्यावर येऊ नये.

शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये. मग सकाळीच शेतावर जाणाऱ्या आईने काय करायचे? तांदूळ, मूगडाळ आणि थोडे शेंगदाणे वेगवेगळे भाजून दळून ठेवावेत. आजी पाच मिनिटांत ताजे शिजवून भरवू शकते. शेंगदाणा पूड करूनच द्यावा, अख्खा कधीच नाही, घशात अडकतो. नाचणी असेल तर भिजवून, मोड आणून, वाळवून मंद आचेवर भाजावी. मोडांमुळे लापशी सैल होते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते. करपेल इतकी भाजली तर हा गुण जातो. फडक्यातून गाळलेल्या सत्त्वाचे कौतुक फार, पण नाचणीचे बरेचसे कॅल्शियम सालीत असते आणि साल चोथ्याबरोबर जाते.

चहात बुडवलेले बिस्किट बंद करावे, चहा लोह शोषू देत नाही. वर्षाच्या आत मध नको, बाटली तर नकोच. बाळाची वाटी वेगळी हवी. मोठ्यांच्या ताटातून भरवले की पोटात किती गेले ते कळत नाही. संध्याकाळची वाटी वडिलांनी भरवावी. दिवसभर राबलेल्या आईला त्या वेळी पाठ टेकता येते आणि घाईघाईने मोबाइलपुढे घास कोंबणे टळते.

साडेतीन महिन्यांच्या लसीनंतर पुढची लस नवव्या महिन्यात. म्हणजे वरचे अन्न सुरू होते नेमके तेव्हा आईची आणि लस देणाऱ्या परिचारिकेची गाठच पडत नाही. मध्ये उरते आशाताईंची सहाव्या महिन्याची गृहभेट. त्या भेटीत पत्रक वाचून दाखवण्याऐवजी त्याच घरातली डाळ, त्याच घरातला भात आजीसमोर घोटून चमचा तिरका करून दाखवावा. तेवढा वेळ आशाताईंना मिळावा, आणि साडेतीन महिन्यांच्या लसीच्या दिवशीच आईला पुढच्या वाटीबद्दल सांगितले जावे, ही आरोग्य आणि महिला व बालविकास या दोन्ही खात्यांना कळकळीची विनंती.

– काही अंगणवाडी पर्यवेक्षिका, जि. पुणे