केंब्रिजची दोन दिवसांची वारी

लंडन, मंगळवार रात्र

ती. आई-बाबांस, सा. न.

शनिवार-रविवार केंब्रिजला जाऊन आलो. फोनवर सांगायला घेतलं की आई "जेवलात का?" विचारते आणि गोष्ट तिथेच राहते, म्हणून कागद काढला.

किंग्ज क्रॉसहून गाडीने तासाभराचा रस्ता. गावात सायकलीच सायकली. बाबा, तुम्ही कॉलेजात असतानाचं पुणं असंच असणार.

पोचल्या पोचल्या निखिलने होडी भाड्याने घेतली. नावाडी नको म्हणाला, पंचगंगेत पोहायला शिकलेला माणूस ना! इथे होडी वल्ह्याने चालवत नाहीत. सपाट बुडाच्या होडीच्या मागच्या टोकाला उभं राहून लांबलचक काठी नदीच्या तळाशी टेकवायची आणि रेटा द्यायचा. काठी चिखलात रुतली तर सोडून द्यायची, हे आम्हाला काठावर दोनदा बजावून सांगितलं होतं. रुतली. त्याने सोडली नाही. होडी पुढे, काठी मागे, आणि मधोमध जावईबापू. आई, घाबरू नकोस, पाणी कमरेएवढंच होतं. पण मी एकटी होडीत बसून क्वीन्स कॉलेजच्या लाकडी पुलाखाली जाऊन थांबले.

त्यामुळे तो पूल मात्र निवांत बघता आला. कमान गोल दिसते, पण एकही लाकूड वाकडं नाही. सगळ्या सरळ तुळया तिरक्या लावून ती गोलाई साधलीय. शेजारच्या होडीतला गाइड सांगत होता, की हा पूल न्यूटनने एकही खिळा न मारता बांधला. माझ्या डोक्यावर हाताएवढ्या अंतरावर चांगले जाडजूड बोल्ट दिसत होते! शिवाय न्यूटन गेला १७२७ साली आणि पूल पहिल्यांदा बांधला १७४९ मध्ये; आताचा तर १९०५ चा. मी गप्प बसले. त्याचं गिऱ्हाईक कशाला मोडा.

संध्याकाळी किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये गेलो. दिवसा आत जायला तिकीट पडतं, संध्याकाळच्या प्रार्थनेला फुकट. हे शोधून काढलं तेव्हा आईची मुलगी शोभले. १४४६ साली काम सुरू झालं, छत पुरं व्हायला सत्तर वर्षं लागली. अख्खं छत दगडी, पण पंखे उघडून एकमेकांना टेकवावेत तसं. मेणबत्त्या लागल्या आणि मुलं गायला लागली. शब्द फारसे कळले नाहीत. एकेक वरचा सूर छतापर्यंत जायचा आणि पोरांनी तोंड मिटलं तरी थोडा वेळ तिथेच राहायचा. आई, तुझी काकडआरती आठवली. निखिलच्या मोज्यांतून पाणी गळत होतं, त्याचंही लक्ष नव्हतं. नारळीकर याच किंग्जचे फेलो होते, हे बाहेर आल्यावर मी त्याला ऐकवलंच.

खोलीचं भाडं सांगत नाही.

रविवारी सकाळी तुमचं काम केलं, बाबा. विद्यापीठाचे निकाल जिथे जाहीर होतात त्या सिनेट हाउससमोर जाऊन उभी राहिले. कोकणातल्या मुर्डीचा मुलगा इथे गणितात पहिला आला, ही गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की लहानपणी मला 'रँग्लर' हे परांजप्यांचं पाळण्यातलं नाव वाटायचं; तो इथे गणितात पहिल्या वर्गात येणाऱ्यांचा किताब, हे पुढे कळलं. पांढरी दगडी इमारत, लोखंडी कठडा, आत कापलेली हिरवळ. १८९९ च्या त्या निकालाची काही खूण दिसेल म्हणून फिरून पाहिलं, दिसली नाही. पण एक विचारायचंय. पहिला नंबर दोघांत विभागून होता म्हणे! हे तुम्ही आम्हाला कधीच कसं सांगितलं नाहीत?

उत्तर फोनवर नको, लिहून पाठवा. आणि भाजणी आत्याबरोबर दिलीत तर दिवाळीच्या आत पोचेल.

तुमची,
मेघा

ता. क. निखिलचे बूट अजून वाळले नाहीत. त्याला विचारू नका.